स्वयंपाकघरातली माणसे कधी येणार?

आमच्या माहेरच्या घरात जादूटोण्याच्या गोष्टींना थारा नव्हता. वडील गिरणीत बदली कामगार होते. शिक्षण चौथीपर्यंत, पण अंगारा, करणी, भूतबाधा असा शब्द कुणी काढला की ते समोरचे ताट सरकवून उठत. म्हणून २००२ साली सहावीतली माझी लेक मैत्रिणीकडून ‘हॅरी पॉटर’चे पहिले पुस्तक घेऊन आली आणि मुखपृष्ठावर जादूच्या शाळेला जाणारा मुलगा दिसला, तेव्हा मी दाराशीच तिला अडवले. वडील तोवर हयात नव्हते. असते तर ते पुस्तक चपलांच्या शेजारीच राहिले असते.

लेक म्हणाली, “आई, तू शाळेत मुलांना वाचा वाचा म्हणतेस. मग आधी तू वाच.”

मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका. बोलण्यात सापडले. वाचले. आणि वाचकहो, खरे सांगायचे तर त्यात अंधश्रद्धेचा प्रचार वगैरे मला कुठे आढळला नाही. आईबाप नसलेला एक मुलगा, त्याला जिन्याखालच्या फडताळात झोपवणारे नातेवाईक, आणि एके दिवशी त्याला आलेले शाळेचे पत्र. शाळेच्या पत्राने माणसाचे आयुष्य पालटते, ही गोष्ट आमच्या घराला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या पुस्तकांचे तीन वाचक झाले. मी, माझी लेक आणि माझी आई.

आईला अक्षरओळख नव्हती. सातारा जिल्ह्यातून १९७२ च्या दुष्काळात ती वडिलांबरोबर मुंबईला आली आणि तेव्हापासून लोकांच्या घरी धुणेभांडी करीत होती. मला नोकरी लागल्यावर मी किती वेळा म्हटले, आता पुरे. पण “हातपाय चालत्यात तवर माझं मी खाईन” हे तिचे उत्तर ठरलेले. संध्याकाळी ती भाजी निवडत बसे आणि नात शेजारी बसून इंग्रजीतले एकेक पान वाचून ते मराठीत सांगे. आई मध्येच हुंकार देई. मध्येच पेंगेही. पण दुसऱ्या पुस्तकात डॉबी आला आणि तिचे पेंगणे थांबले.

ज्यांनी ही पुस्तके वाचलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. या जादूगारांच्या जगात हाउस-एल्फ नावाचे बुटके जीव आहेत. मोठमोठ्या कानांचे, मोठ्या डोळ्यांचे. श्रीमंत, जुन्या घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या राबतात. पगार नाही, सुटी नाही. अंगावर धड कपडाही नाही. उशीचा जुना अभ्रा नाही तर फडके गुंडाळलेले. मालकाचा शब्द मोडला तर स्वतःच स्वतःला शिक्षा करून घ्यायची, डोके भिंतीवर आपटायचे, हात भाजून घ्यायचे. सुटकेचा मार्ग एकच. मालकाच्या हातून कपडा मिळाला की एल्फ मोकळा. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी हॅरी एका मोज्याची युक्ती करतो, मालक तो मोजा भिरकावून देतो, डॉबी तो झेलतो आणि सुटतो.

हे ऐकल्यावर आई हसत सुटली. “म्हंजी कापड दिलं की सुटका? मला तर दर दिवाळीला जुनं लुगडं मिळतंय. मी कवाच सुटाया पायजे हुती.”

ती हसली, पण मी काही हसू शकले नाही. आमच्या लहानपणी त्याच लुगड्यांची परकर-पोलकी शिवून आम्ही बहिणी शाळेत गेलो. ज्या घरातून ते लुगडे आले त्या घरातली मुलगी माझ्याच वर्गात होती आणि पदराचा काठ तिने ओळखला होता. मोजा मिळाला की डॉबी सुटतो. आमच्याकडे मात्र लुगडे मिळाले की पुढच्या वर्षीचे काम पक्के होत असे. “एवढे दिले, आता सोडून जाऊ नकोस” असा त्याचा अर्थ असायचा.

२००५ मध्ये आईचे गुडघे पुरते गेले आणि तिने शेवटचे घर सोडले. त्या घरी ती वीस वर्षांहून जास्त काळ जात होती. निघताना बाईंनी एक वापरलेली साडी आणि पाचशे रुपये हातावर ठेवले. घरी आल्यावर तिने ती साडी कॉटवर टाकली आणि नातीला म्हणाली, “घे, मिळालं बग कापड. सुटली तुजी आजी.” तेव्हा आमच्या घरात पाचवे पुस्तक चालू होते. त्यात एका जुन्या घराण्याच्या जिन्याच्या भिंतीवर एल्फांची मुंडकी ओळीने टांगलेली आहेत. चहाचा ट्रे उचलण्याचे बळ उरले नाही की मुंडके उडवायचे, अशी त्या घराण्याची रीत. माझी लेक ते पान वाचायला लागली आणि आजीकडे बघून तिने ते पान उलटले. आईच्या ते लक्षात आले असणार. ती काही बोलली नाही.

चौथ्या पुस्तकापासून या एल्फांचा प्रश्न लेखिका जे. के. रोलिंग यांनी चांगला ऐरणीवर आणला आहे. हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिला कळते की हॉगवर्ट्स शाळेतले मेजवानीचे जेवण तळघरातल्या स्वयंपाकघरात शंभराहून अधिक एल्फ रांधतात. तीन वर्षे आपण जेवलो, कोणी रांधले हे विचारलेही नाही, या विचाराने तिच्या घशाखाली घास उतरत नाही. ती संघटना काढते, बिल्ले तयार करते, वर्गणी मागते. सगळे तिची टवाळी करतात. आणि इथेच माझे लेखिकेशी पहिले भांडण आहे. टवाळी करणारी मुले समजू शकते, पण लेखिकासुद्धा त्या मुलीकडे थोडे हसूनच बघते, असे मला वाचताना सारखे जाणवत राहिले.

अर्थात हर्मायनीचेही चुकतेच. ती एल्फांना काही विचारीत नाही. स्वतः विणलेल्या टोप्या कचऱ्याखाली लपवून ठेवते, म्हणजे साफसफाई करताना नकळत त्यांना कपडा मिळावा. एल्फ चिडतात आणि तो भाग झाडायलाच येईनासे होतात. एकटा डॉबी सगळ्या टोप्या गोळा करून एकावर एक घालतो. विंकी नावाची दुसरी एक एल्फ आहे. मालकाने हाकलून दिल्यावर ती सुटकेचा आनंद मानीत नाही, तर नशा करून रडत बसते आणि मालकाची गुपिते तशीही जपते. गुलामाला आपल्या गुलामीची जाणीव कोण आणि कशी करून देणार, हा प्रश्न आपल्या समाजात घराघरांत ठाऊक आहे. विंकीची ती पाने वाचताना मला आमच्या चाळीतल्या चार-दोन बायका डोळ्यांपुढे आल्या. मालकिणीची तक्रार करायची सोडून तिच्या श्रीमंतीचे पोवाडे गाणाऱ्या.

डॉबी पगार मागतो. मुख्याध्यापक डम्बलडोर त्याला आठवड्याला दहा सोन्याची नाणी आणि शनिवार-रविवार सुटी देऊ करतात. डॉबी घासाघीस करतो ती उलटी! एक नाणे आणि महिन्यातून एक सुटी, एवढ्यावर तो थांबतो. आई म्हणाली, “पैल्यांदाच मागतोय न्हवं. जीभ अडखळनारच.” इतके नेमके मला सुचले नसते.

शेवटचे, सातवे पुस्तक २१ जुलै २००७ रोजी जगभर एकाच दिवशी आले. शनिवार होता. अकरावीतली लेक पहाटे उठून दुकानापुढच्या रांगेत उभी राहिली. ६०७ पानांचे ते पुस्तक तिने रविवारी रात्री संपवले आणि मी पुढच्या आठवडाभरात. आईला मात्र ते दीड-दोन महिने पुरले.

त्या पुस्तकात डॉबी मरतो. आपल्या जुन्या मालकाच्या वाड्यात कैद झालेल्या मुलांना सोडवायला तो परत जातो आणि निघताना फेकलेली सुरी त्याच्या छातीत बसते. हॅरी हातात फावडे घेऊन, जादू न वापरता, समुद्रकिनारी त्याची कबर खणतो. रॉन आपले बूट-मोजे काढून त्याच्या अनवाणी पायांत घालतो. दगडावर हॅरी कोरतो की इथे निजलेला एल्फ स्वतंत्र होता. माझी लेक ते मराठीत सांगताना तीनदा थांबली. आईने डोळ्यांना पदर लावला नाही. तिने फक्त विचारले, “सोताच्या हातानं खणली?” आणि होकार मिळाल्यावर मान हलवली.

पण आईला सर्वांत आवडला तो प्रसंग पुढेच आहे. क्रीचर नावाचा एक म्हातारा एल्फ आहे, ज्या घराच्या भिंतीवर ती मुंडकी टांगलेली, त्या घरातला. खवट, शिवराळ. त्याच्यामुळे एकाचा जीवही गेलेला. सातव्या पुस्तकात कळते की त्याला एका गुहेत नेऊन विष पाजले गेले होते आणि त्याची किंमत फक्त त्याच्या धाकट्या मालकाला, रेग्युलसला, होती. हॅरी त्याचे ऐकून घेतो, रेग्युलसचे लॉकेट त्याच्या हातात देतो आणि म्हातारा बदलतो. शेवटच्या लढाईत जिंकणे-हरणे अधांतरी असताना स्वयंपाकघराचा दरवाजा उघडतो आणि हॉगवर्ट्सचे सगळे एल्फ हातात सुऱ्या नि सत्तूर घेऊन बाहेर पडतात. सर्वांच्या पुढे क्रीचर! ज्या सुऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी भाज्या चिरल्या त्याच सुऱ्या. आईने हा भाग नातीकडून चार-पाच वेळा ऐकला. पाहुणे आले तरी त्यांनाही सांगायला लावी.

आता शेवटाबद्दल माझे म्हणणे. व्होल्डेमॉर्ट मरतो तो साध्या माणसासारखा मरतो, सभागृहात सर्वांसमोर त्याचे प्रेत पडते. हे मला फार आवडले. रक्ताच्या शुद्धतेचा टेंभा मिरवणारा, ‘मडब्लड’ म्हणजे घाणेरड्या रक्ताचे अशी शिवी देणाऱ्यांचा म्होरक्या, त्याचे मढे इतरांच्या मढ्यासारखेच. इथवर ठीक. पण त्यानंतर अंथरुणाकडे निघालेल्या हॅरीच्या मनात त्या दिवसाचा शेवटचा विचार काय येतो? क्रीचर आपल्याला खोलीत सँडविच आणून देईल का!

पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. आत्ता जो सत्तूर घेऊन लढला, लगेच त्याच्याच हातचे सँडविच. क्रीचर हॅरीच्या मालकीचा होता, वारशात घराबरोबर आलेला. आधी त्याला सोडणे धोक्याचे होते, कारण त्याला गुपिते ठाऊक होती. पण आता तर शत्रू संपला होता. एक मोजा काढून द्यायला किती वेळ लागतो? पुढे १९ वर्षांनंतरचे प्रकरण आहे. स्टेशन, मुले, सगळे लग्न होऊन सुखात. त्यात एल्फांचा एका अक्षराने उल्लेख नाही. पुस्तक निघाल्यानंतर लेखिकेने वाचकांना सांगितले की हर्मायनीने पुढे मंत्रालयात जाऊन एल्फांची स्थिती सुधारण्याचे काम केले. छान. पण मग ते पुस्तकात का नाही? मुलांची लग्ने कुणाकुणाशी झाली ते सांगायला जागा होती.

माझ्या लेकीचे मत वेगळे पडले. ती म्हणाली, “आई, हॅरी सतरा वर्षांचा मुलगा आहे. दिवसभर लढला, मेला, परत आला. त्याला भूक लागली एवढेच आहे ते.” आम्ही दोघी यावर कितीतरी वाद घातला. शेवटी लेकीने आजीला न्याय मागितला. आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, “भूक लागली तर मागंल की. पर ‘तू खाल्लंस का’ आसं म्हातार्‍याला इचारलं का त्यानं?” लेक गप्प झाली. तसे पुस्तकात नाही, हे तिला ठाऊक होते.

आता सिनेमा. एकूण आठ चित्रपट निघाले, २००१ ते २०११. मी काही चित्रपटांची जाणकार नाही, पण काही गोष्टी पडद्यावर पुस्तकापेक्षाही सरस झाल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. तीन भावांची गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांसारखी दाखवली आहे ती, आणि स्नेपच्या आठवणी, ज्यात ॲलन रिकमन यांनी डोळ्यांनीच अर्धे काम केले आहे. सत्ता बदलल्यावर मंत्रालयात उभारलेला नवा पुतळा, ज्यात जादूगारांचे आसन चिरडलेल्या सामान्य माणसांचे केले आहे, आणि रक्ताची चौकशी करणारी ती गुलाबी कपड्यांतली बाई, हे बघताना अंगावर काटा आला.

पण स्वयंपाकघर? चौथा चित्रपट २००५ मध्ये आला, त्यात हर्मायनीची संघटना नाही, विंकी नाही, डॉबीही नाही. पुस्तकात डॉबी जी वनस्पती आणून हॅरीचा जीव वाचवतो ती चित्रपटात नेव्हिल देतो. दुसऱ्या चित्रपटानंतर डॉबी गायब होतो तो थेट २०१० च्या सातव्या चित्रपटात उगवतो, आणि तोही मरण्यासाठी. वेळ कमी असतो, सगळेच घेता येत नाही, हे समजते. तरी कात्री लागली की आधी कोण कापले जाते, हे बघण्यासारखे आहे.

आठवा चित्रपट जुलै २०११ मध्ये लागला तेव्हा आई हट्टाने आमच्याबरोबर आली. गुडघ्यांमुळे तिला जिने चढवत नव्हते. नातीने आणि मी दोन्हीकडून धरून नेले. हिंदीत डब केलेला खेळ मुद्दाम शोधला होता. आयुष्यात ती चित्रपटगृहात मोजून पाच-सहा वेळा गेली असेल. लढाई सुरू झाली, किल्ला कोसळू लागला, आणि आईने माझ्या कानाशी विचारले, “सैपाकघरातली मंडळी कवा येनार?” मी म्हटले, “येतील, थांब.” थोड्या वेळाने पुन्हा तेच. रॉन आणि हर्मायनी एकमेकांच्या जवळ आले तेव्हा मला वाटले, आता एल्फांचे नाव निघेल. पुस्तकात रॉनला लढाईच्या धामधुमीत एल्फांची आठवण होते, त्यांना मरायला लावता येणार नाही, बाहेर काढले पाहिजे असे तो म्हणतो, आणि म्हणून हर्मायनी त्याच्या गळ्यात पडते. चित्रपटात पाण्याची लाट अंगावर येते आणि त्या भरात ते घडते. एल्फ नाहीतच. शेवटी व्होल्डेमॉर्टचेही प्रेत सर्वांसमोर पडत नाही. अंगणात हॅरीशिवाय कुणी नसताना त्याचे कपटे होऊन हवेत उडतात. मग हॅरी ती श्रेष्ठ कांडी मोडून पुलावरून फेकून देतो. लेकीला याचाच जास्त राग आला, कारण पुस्तकात तो आधी आपली मोडलेली कांडी तिने दुरुस्त करून घेतो.

दिवे लागले. लोक उठू लागले. आई बसून राहिली. तिला वाटत होते अजून काही बाकी आहे. लेकीने खाली वाकून सांगितले, “आजी, ते दाखवलंच नाही गं त्यांनी.” आई म्हणाली, “आसंल. खाली ऱ्हानारं वर दिसत न्हाईत.” मग तिने खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला आणि चप्पल सापडत नाही म्हणून आम्ही तिघी अंधुक उजेडात वाकून चप्पल शोधत राहिलो.

आई २०१६ मध्ये गेली. २०२२ मध्ये वाचनात आले की वेल्समधल्या ज्या किनाऱ्यावर डॉबीच्या मरणाचे चित्रण झाले, त्या फ्रेशवॉटर वेस्टला लोक येऊन रंगवलेले दगड आणि मोजे ठेवून जातात. त्या जागेची देखभाल करणाऱ्या संस्थेने ती कबर तूर्त राहू द्यायचे ठरवले, फक्त मोजे ठेवू नका, समुद्रातल्या जिवांना त्रास होतो, अशी विनंती केली. न जन्मलेल्या एका नोकराच्या कबरीला परक्या देशांतून लोक येतात, हे वाचून मला बरे वाटले की वाईट, ते अजून ठरलेले नाही. आई असती तर म्हणाली असती, चांगले मोजे, कुनाच्या तरी पायात घाला की.

आता पुन्हा या पुस्तकांवरून मालिका निघणार, असे एचबीओ कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. पुस्तकांशी प्रामाणिक राहू, असे ते म्हणतात. लेकीने फोनवर ही बातमी दिली तेव्हा तिच्या आवाजात तीच सहावीतली मुलगी होती. मी एवढेच विचारले, शेवटच्या लढाईपर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतील? ती म्हणाली, दहाएक वर्षे चालेल असे सांगतात. मी बोटांवर माझे वय मोजले. गुडघे आत्ताच कुरकुरतात. तोवर आईसारखेच झालेले असतील. पण घरातच बघायचे आहे, जिने चढायचे नाहीत, तेव्हा बसेन म्हटले.